अधिकारपत्रांचा मान

(पुरुषोत्तमनगर, तालुका शहादा, जिल्हा नंदुरबार येथील व्याख्यानाचा मजकूर)



वृत्तपत्रांच्या आतल्या पानावर अधूनमधून एक लहानसे छायाचित्र प्रसिद्ध होते. भव्य दालन, खाली गालिचा, भारताचे राष्ट्रपती उभे आणि त्यांच्यासमोर एक परदेशी पाहुणा किंचित झुकून दोन्ही हातांनी एक लखोटा पुढे करीत आहे. छायाचित्राखाली दोन ओळी असतात: अमुक देशांच्या नव्या राजदूतांनी राष्ट्रपतींना आपली अधिकारपत्रे सादर केली. वाचक त्या ओळींवरून नजर फिरवतो आणि पान उलटतो. त्यात त्याचा दोषही नाही. बातमी म्हणून तीत काही घडत नाही. ना करार होतो, ना घोषणा होते. तरीही त्या लखोट्याला मराठी मुलखाच्या इतिहासात फार मोठी किंमत मोजावी लागलेली आहे, आणि ती मोजताना खानदेशच्या भूमीचाही सौदा झालेला आहे. सहकारी साखर कारखान्याभोवती वसलेल्या या पुरुषोत्तमनगरात तो विषय निघावा, हे म्हणूनच वाटते तितके विसंगत नाही.

प्रथम समारंभ पाहू. नव्या राजदूताची नेमणूक होण्यापूर्वी त्याचा देश आपल्या सरकारकडे गुप्तपणे विचारणा करतो की, अमुक गृहस्थ पाठवावयाचे आहेत, ते आपणास चालतील काय? होकार आला तरच नाव जाहीर होते. नकार द्यावयाचा झाल्यास त्याचे कारण सांगण्याचे बंधन नाही. १९६१ साली व्हिएन्ना येथे झालेल्या राजनैतिक संबंधांविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारात हा नियम लिहून ठेवलेला आहे. भारत त्या करारात १९६५ मध्ये सामील झाला आणि १९७२ मध्ये संसदेने त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. मुलीकडून मुलाकडे मध्यस्थ पाठवून आधी मनाचा ठाव घ्यावा आणि मगच सुपारी फोडावी, तसाच हा प्रकार. उघड नकाराचा अपमान कोणाच्याच वाट्याला येऊ नये, ही त्यामागची दृष्टी.

दिल्लीत आल्यावर ठरलेल्या दिवशी राजदूतास राजशिष्टाचार अधिकारी सन्मानाने राष्ट्रपती भवनात आणतात. प्रांगणात त्यास मानवंदना दिली जाते. मग तो अशोक दालनात प्रवेश करतो. २०२४ च्या जुलैपासून या दालनाचे नाव ‘अशोक मंडप’ असे करण्यात आले आहे. तेथे तो आपली ओळख देऊन अधिकारपत्र राष्ट्रपतींच्या हाती ठेवतो आणि आधीच्या राजदूतास परत बोलावल्याचे पत्रही सोबत देतो. त्यानंतर राष्ट्रपतींशी त्याचे थोडा वेळ संभाषण होते. एकाच सकाळी चार-पाच देशांचे राजदूत आले तरी प्रत्येकाचा समारंभ स्वतंत्र होतो. देश लाखभर वस्तीचा असो वा खंडाएवढा, गालिचा तोच आणि वाद्यवृंदही तोच.

त्या पत्रात असते तरी काय? एका राष्ट्रप्रमुखाने दुसऱ्या राष्ट्रप्रमुखास लिहिलेले ते पत्र असते आणि त्याचा आशय एवढाच की, हे गृहस्थ आमचे आहेत, आमच्या वतीने ते जे बोलतील त्यावर विश्वास ठेवावा. पत्र घेईपर्यंत राजदूत हा एक प्रतिष्ठित पाहुणा असतो. पत्र घेतले की त्याचा शब्द त्याच्या देशाचा शब्द ठरतो. दिल्लीतील राजदूतांत मानाचा क्रमही देशाच्या आकारावरून वा सामर्थ्यावरून लागत नाही. ज्याने कार्यभार आधी स्वीकारला तो आधी. ही साधी युक्ती सुचावयास जगाला बराच काळ लागला. १६६१ साली लंडनमध्ये स्वीडनच्या नव्या वकिलाच्या स्वागताच्या मिरवणुकीत आपली गाडी पुढे असावी म्हणून फ्रान्स आणि स्पेन यांच्या वकिलांच्या माणसांत भररस्त्यात मारामारी झाली आणि त्यात माणसे प्राणास मुकली. पुढे १८१५ साली व्हिएन्ना येथील परिषदेत तारखेचा नियम ठरला, तेव्हा कुठे हे भांडण मिटले. आपल्याकडे बैलपोळ्याला मानाची बैलजोडी कोणाची यावरून गावोगाव झालेले तंटे ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना या गोष्टीचे नवल वाटू नये.

येथे एक गैरसमज दूर करणे उचित ठरेल. मुंबईत अनेक देशांचे वाणिज्यदूत राहतात आणि ते राज्यपालांस व मुख्यमंत्र्यांस भेटतात, अशा बातम्या नेहमी येतात. त्या सदिच्छा भेटी असतात. अधिकारपत्र स्वीकारण्याचा मान देशात एकाच व्यक्तीचा, राष्ट्रपतींचा. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत परराष्ट्र व्यवहार आणि राजनैतिक प्रतिनिधित्व हे विषय केंद्राच्या सूचीत आहेत आणि संघराज्याची कार्यकारी सत्ता त्रेपन्नाव्या अनुच्छेदाने राष्ट्रपतींच्या ठायी आहे. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात हे खरे. पण पत्र जेव्हा हाती घेतात तेव्हा ते मंत्रिमंडळाच्या नव्हे, राष्ट्राच्या वतीने घेतात.

राजदूताच्या कचेरीस मराठी माणूस ‘वकिलात’ म्हणतो. न्यायालयातील वकिलाचा त्या शब्दाशी आज फारसा संबंध उरलेला नाही. तो शब्द मराठी दरबारांतून आला आहे. शिवकाळात दूतास ‘हेजीब’ म्हणत. पेशवाईत ‘वकील’ हा शब्द रूढ झाला. दूत कसा स्वीकारावा, हे या मुलखाला कोणी बाहेरून येऊन शिकविलेले नाही.

६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला, तेव्हा इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन तेथे हजर होता. मे महिन्यात तो गडाच्या पायथ्याशी पोहोचला, त्या वेळी महाराज प्रतापगडावर भवानीच्या दर्शनास गेले होते. त्यास पाचाडात थांबावे लागले. महाराज परतल्यावर त्यास गडावर बोलावण्यात आले. सिंहासनाच्या समारंभात त्याने दुरून मुजरा केला आणि दुभाषा नारायण शेणवी याने नजराण्याची हिऱ्याची अंगठी उंच धरून दाखविली. महाराजांनी त्यांस जवळ बोलावले, पोशाख दिला आणि निरोप दिला. सिंहासनाच्या बाजूला भाल्यांवर सोन्याचे मासे, घोड्यांच्या शेपट्या आणि एक सोन्याचा तराजू होता, ही नोंदही त्याच इंग्रजाच्या वृत्तांतामुळे टिकली. ऑक्झिंडेन आपल्या मागण्यांची वीस कलमे घेऊन आला होता. त्यांतील बहुतेक मान्य झाली. मात्र इंग्रजांचे नाणे रयतेने घेतलेच पाहिजे अशी सक्ती करण्यास महाराजांनी नकार दिला आणि किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजांचा माल परत करण्याचे कलमही कोकणच्या रिवाजास धरून नाही म्हणून बाजूस ठेवले. राज्य नुकतेच विधिपूर्वक उभे राहत होते. पण वकिलाचा सन्मान करणे आणि त्याची मागणी तपासणे या दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत, याचे भान तेथे पक्के होते. (गडावर इंग्रजांना मांस पुरविणारा म्हातारा खाटीक इतके मांस खाणारी ही माणसे आहेत तरी कशी, हे पाहण्यास मुद्दाम गड चढून आला, अशी एक गमतीची आठवण डॉक्टर फ्रायर याने लिहून ठेवली आहे.)

पुढे शतकभराने पुणे हे अनेक दरबारांच्या वकिलांचे केंद्र झाले. १७७७ साली फ्रान्सचा म्हणून आलेल्या सँ ल्युबँ याचे नाना फडणीसांनी थाटाने स्वागत केले. त्याच्या बोलण्यात किती तथ्य आहे हे नानांस कळत नव्हते असे नाही. परंतु पुण्यास फ्रेंच वकील आहे, एवढ्याच वार्तेने मुंबईचे इंग्रज अस्वस्थ होत होते. वकील ठेवून घेणे हीही एक चाल असते. १७८६ पासून चार्ल्स मॅलेट हा इंग्रजांचा रेसिडेंट पुण्यात राहू लागला. मुळामुठेच्या संगमावर त्याचा बंगला होता. १७९० च्या तहाच्या वेळचा सवाई माधवरावांचा दरबार एका भव्य चित्रात पाहावयास मिळतो. त्याची तयारी जेम्स वेल्स या चित्रकाराने केली आणि त्याच्या मृत्यूनंतर टॉमस डॅनियलने ते चित्र पुरे केले. त्या चित्रात पेशवे गादीवर आहेत आणि इंग्रज वकील त्यांच्यासमोर आहे. कोण कोणाकडे आले आहे, याविषयी त्या चित्रात संदेह नाही.

तो संदेह बारा वर्षांत उत्पन्न झाला. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसई येथे तह केला आणि इंग्रजांच्या सल्ल्यावाचून इतर सत्तांशी बोलणी न करण्याचे मान्य केले. रेसिडेंटचे स्थान तेव्हापासून पालटले. तो दूत राहिला नाही, देखरेख करणारा झाला. १८१५ च्या जुलै महिन्यात बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांचा पंढरपुरात खून झाला. शास्त्री इंग्रजांच्या हमीवर पुण्यास आले होते. दूताच्या जीविताची हमी हा राजनीतीचा सर्वांत जुना नियम. तो पेशव्यांच्या मुलखात, तीर्थक्षेत्रात मोडला गेला. खुनाचा ठपका त्रिंबकजी डेंगळ्यावर आला आणि एल्फिन्स्टनने तो धागा सोडला नाही. अखेर जून १८१७ मध्ये पुण्याचा तह लादला गेला. त्यातील एक कलम असे की, पेशव्यांनी परदरबारी वकील ठेवू नयेत आणि परदरबारचे वकील आपल्याकडे घेऊ नयेत. जो काही पत्रव्यवहार होईल तो रेसिडेंटमार्फत व्हावा. किल्ले गेले, मुलूख गेला, याची हळहळ इतिहासात पुष्कळ नोंदविलेली आहे. या कलमाकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. वास्तविक राज्य त्याच दिवशी संपले होते. पुढची लढाई ही त्याची उत्तरक्रिया होती.

आता खानदेश. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूर येथे होळकरांच्या फौजेचा पराभव झाला आणि ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोर येथे तह झाला. सातपुड्याच्या दक्षिणेकडील होळकरांचा मुलूख, त्यात खानदेशातील सर्व प्रांत, इंग्रजांच्या हवाली झाला. त्याच तहात रेसिडेंटच्या संमतीवाचून कोणत्याही राज्याचे वकील न घेण्याचे आणि न पाठविण्याचेही कलम होते. खानदेशची जमीन आणि होळकरांचा वकील स्वीकारण्याचा हक्क, ही दोन्ही एकाच कागदावर, एकाच सहीने गेली.

कागद मंदसोरला झाला. त्याची झळ तापीकाठाला लागली. फेब्रुवारीच्या अखेरीस जनरल हिस्लॉप तहाने मिळालेला मुलूख ताब्यात घेत थाळनेरपाशी आला. शहाद्याहून तापीच्या काठाने पूर्वेकडे गेले की हे गाव लागते. किल्ला तहान्वये आमचा झाला आहे, विरोध केल्यास बंडखोर समजू, असा निरोप त्याने धाडला. किल्ल्यातून तोफा थांबल्या नाहीत. शेवटी दरवाज्यात बोलणी चालू असता गोंधळ उडाला, काही इंग्रज अधिकारी मारले गेले आणि त्यानंतर आतल्या शिबंदीची कत्तल झाली. किल्लेदारास त्याच दिवशी फासावर चढविण्यात आले. हे कृत्य इतके उघड अन्यायाचे होते की, ब्रिटिश पार्लमेंटातही त्यावर टीका झाली. मंदसोरच्या कागदावर होळकर दरबारची संमती होती. थाळनेरच्या किल्लेदारास त्या कागदाने फाशीखेरीज काही दिले नाही.

या कथेचा एक विचित्र धागा थेट राष्ट्रपती भवनात पोहोचतो. मंदसोरचा तह घडवून आणणारा अधिकारी जॉन माल्कम हाच होता. दुसरा बाजीराव जून १८१८ मध्ये शरण गेला तोही त्याच्याकडेच. हाच माल्कम १८०० साली इंग्रजांचा वकील म्हणून इराणच्या फत्तेअली शहाच्या दरबारी गेला होता. आणि आज ज्या अशोक मंडपात नवे राजदूत अधिकारपत्रे सादर करतात, त्याच्या छतावर जे मोठे चित्र आहे ते याच फत्तेअली शहाच्या शिकारीचे आहे. इमारत व्हाइसरॉयसाठी उभी राहिली तेव्हा ते दालन नृत्यासाठी होते. माल्कमसारख्यांनी ज्यांच्याकडून वकील स्वीकारण्याचा हक्क लिहून घेतला, त्यांचेच वारस त्या छताखाली इंग्लंडच्या उच्चायुक्ताचेही पत्र स्वीकारतात. योगायोगाला अर्थ चिकटवू नये हे बरोबर. परंतु हा योगायोग ठाऊक असावा.

१९४७ साली स्वातंत्र्य आले तरी २६ जानेवारी १९५० पर्यंत भारताचा राष्ट्रप्रमुख कागदोपत्री ब्रिटनचा राजाच होता. प्रजासत्ताक झाल्यावर अधिकारपत्रांवर भारताच्या राष्ट्रपतींचे नाव आले. आपणही पत्रे पाठवू लागलो. मुंबई राज्याचे मुख्यमंत्री राहिलेले बाळासाहेब खेर १९५२ मध्ये उच्चायुक्त म्हणून लंडनला गेले. औंधच्या राजघराण्यातील अप्पासाहेब पंत आफ्रिकेपासून युरोपपर्यंत अनेक ठिकाणी भारताचे प्रतिनिधी झाले आणि १९६९ ते १९७२ या काळात तेही लंडनला होते.

मग २००७ साल उजाडले. २५ जुलै रोजी प्रतिभाताई पाटील यांनी राष्ट्रपतिपदाची शपथ घेतली. नाडगावात जन्म, जळगावात शिक्षण आणि वकिली, १९६२ साली विधानसभेत प्रवेश, पुढे एदलाबादचे, म्हणजे आजच्या मुक्ताईनगरचे, अनेक वर्षे प्रतिनिधित्व, असा त्यांचा प्रवास. मुक्ताईनगर, थाळनेर आणि शहादा तालुक्यातील प्रकाशे ही तिन्ही तापीच्याच खोऱ्यातली ठिकाणे. पुण्याच्या तहाने मराठी सत्तेचा दूत घेण्याचा हक्क काढून घेतल्यास त्या वर्षी नेमकी १९० वर्षे झाली होती. खानदेशातील एक स्त्री आता सर्व जगाचे दूत स्वीकारीत होती. २००९ मध्ये अमेरिकेचे टिमोथी रोमर यांनी आणि २०१२ मध्ये नॅन्सी पॉवेल यांनी त्यांनाच अधिकारपत्रे सादर केली. पॉवेल या भारतात नेमलेल्या अमेरिकेच्या पहिल्या महिला राजदूत. देणारी स्त्री आणि घेणारीही स्त्री, असे ते दृश्य होते. १६६१ च्या लंडनमधील गाडीवानांना ते पटले नसते.

२५ जुलै २०२२ पासून त्या जागी द्रौपदी मुर्मू आल्या. ओडिशातील मयूरभंज जिल्ह्यातील संथाळ कुटुंबात जन्मलेल्या मुर्मू या पहिल्या आदिवासी राष्ट्रपती. नंदुरबार जिल्ह्याची बहुसंख्य प्रजा आदिवासी आहे. इंग्रजी अमलाच्या आरंभी खानदेशच्या डोंगरांतील भिल्ल नाईकांशी सरकार बोलणी करी तीही बंदुकीच्या छायेत. आज नर्मदेपासून तापीपर्यंतच्या पाड्यांवरील शाळांत राष्ट्रपतींची तसबीर लागते आणि त्या तसबिरीतील चेहरा मुलांना परका वाटत नाही.

एवढे सगळे खरे. पण पुरुषोत्तमनगरच्या ऊस उत्पादकाने विचारावे की, या समारंभाने त्याच्या टनामागे काय फरक पडतो? प्रश्न रास्त आहे. सातपुडा तापी परिसर कारखान्याच्या गव्हाणीत पडणाऱ्या उसाला किमान किती दर द्यावा हे केंद्र सरकार ठरविते. २०१९ साली ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला या तीन देशांनी जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली. भारतातील उसाचा हा किमान दर आणि साखर निर्यातीला दिलेले साहाय्य नियमांत बसत नाही, असे त्यांचे म्हणणे. डिसेंबर २०२१ मध्ये तेथील न्यायमंडळाने भारताविरुद्ध निष्कर्ष दिला. त्यावर भारताने अपील केले. मात्र अपील ऐकणारे मंडळ २०१९ च्या अखेरीपासून सदस्यांच्या अभावी ठप्प झाले होते. शहाद्याच्या शेतातील उसाच्या दराची चर्चा जिनिव्हात झाली, ती अशी. दुसऱ्या बाजूला अमेरिका दरवर्षी सवलतीच्या करावर साखर आयातीचा जो कोटा देशोदेशी वाटते, त्यात भारताचाही आठ हजार टनांहून थोडा अधिक वाटा असतो. वाटा लहान आहे. पण तो टिकविणे, वाढविणे, तक्रार आली तर ती समजुतीने मिटविणे, हे काम वकिलातींतील माणसे करतात. ज्या देशाने आपल्या उसाच्या दराविरुद्ध दावा लावला आहे, त्याचाही राजदूत त्याच गालिच्यावरून चालत येतो आणि त्यालाही तीच मानवंदना मिळते. भांडण चालू असतानाच बोलणाऱ्या माणसाची खरी गरज असते.

याचा दाखला २०२० मध्ये मिळाला. करोनाच्या साथीमुळे दिल्ली बंद होती. नव्या राजदूतांना राष्ट्रपती भवनात आणणे शक्य नव्हते आणि पत्र स्वीकारल्यावाचून त्यांना ताटकळत ठेवणेही बरे नव्हते. २१ मे २०२० रोजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांनी सात देशांच्या प्रतिनिधींची अधिकारपत्रे दूरदृश्य माध्यमातून स्वीकारली. राष्ट्रपती भवनाच्या इतिहासात असे प्रथमच घडले. उत्तर कोरिया, सेनेगल, त्रिनिदाद व टोबॅगो, मॉरिशस, ऑस्ट्रेलिया, कोत दिव्हार आणि रवांडा हे ते सात देश. ना मानवंदना, ना अशोक मंडपाचे छत; समोर फक्त पडदा. त्या सातांमध्ये ऑस्ट्रेलियाचे उच्चायुक्त बॅरी ओफॅरल होते. साखरेचा दावा तेव्हा न्यायमंडळापुढे चालू होता. राष्ट्रपतींनी त्यांचे स्वागत केले, पत्र स्वीकारले आणि ते त्याच दिवसापासून कामाला लागले.